संगणकाच्या पोटात संगणक

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वाचनालयाचा संगणक गेला. ‘गेला’ हा शब्द आपण वीज, बस आणि माणूस या तिघांनाही लावतो. त्यातली वीज परत येते, बस दुसरी येते. संगणक तिसऱ्या प्रकारे गेला. आधी आतून ‘टक्’ असा आवाज झाला, मग करपल्याचा वास आला आणि पडदा इतका काळा झाला की ग्रंथपालांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. तेही फारसं बरं दिसत नव्हतं.

या ग्रंथपालांना सगळे शांतताराव म्हणत. सव्वीस वर्षं दर दहा मिनिटांनी ‘शांतता!’ एवढा एकच शब्द उच्चारल्याबद्दल वाचकांनी बहाल केलेली ती पदवी होती. आधी लोक पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकदा मुख्य कार्यालयातूनच ‘श्री. शांतताराव यांस’ असं पत्र आलं तेव्हा त्यांनी विरोधाची तलवार म्यान केली.

संगणकाने जायला आठवडा मात्र नेमका निवडला. गुरुवारी तपासणी होती. तसं पत्र टेबलाच्या काचेखाली पंधरा दिवस पडून होतं: ‘अद्ययावत ग्रंथयादी संगणकावर दाखवावी. यादी अथवा वाचकसंख्या असमाधानकारक आढळल्यास सदर वाचनालय बंद करून जागा अन्य उपयोगासाठी घेण्यात येईल.’ अन्य उपयोग म्हणजे जुन्या फायलींचं गोदाम, हे सगळ्यांना माहीत होतं. गोदामवाले दोनदा येऊन खिडक्या मोजून गेले होते.

वाचकसंख्येबद्दल न बोललेलंच बरं. दिवसाला सरासरी एकोणीस, आणि त्यातले चार जण पंख्यासाठी येत. पण यादी! चौदा हजार सहाशे बारा पुस्तकांची ती यादी शांततारावांनी स्वतः, दोन बोटांनी, तीन वर्षं खपून टाइप केली होती. लेखक, विषय, पानं, कपाट, खण, कुठल्या पुस्तकाचं कितवं पान फाटलंय ते सुद्धा. वाचक नसले तरी यादी दाखवू, अशी त्यांची लढाईची योजना होती. आता योजनेतली तोफच उडाली.

‘थोडा वेळ पंख्याखाली ठेवा,’ निवृत्त हवालदार म्हणाले. ते रोज सकाळी येऊन वर्तमानपत्र सगळ्यांच्या आधी वाचत आणि मग इतरांना तोंडी सांगत. ‘तापलाय तो. आमची जीप अशीच तापायची.’

‘बंद करून चालू केलात का?’ कोडेवाल्या बाईंनी विचारलं. वाचनालयाच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं त्या शाईने सोडवत, त्यामुळे शांततारावांचं त्यांच्याशी अकरा वर्षांचं जुनं भांडण होतं.

‘बंद तो स्वतःच झालाय, बाई.’

‘मग निम्मं काम झालं. आता चालू करा.’

दुपारी दुरुस्तीवाला आला. त्याने पेटी उघडली, आत टॉर्च मारला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तशा आवाजात म्हणाला, ‘बोर्ड जळालाय. आणि डिस्कही गेली त्याच्या मागोमाग.’

‘दोघं एकदम?’

‘फार वर्षं सोबत राहिली की असं होतं.’

शांतताराव खुर्चीत बसले. मग त्यांनी, आयुष्यात प्रत्येक संकटात केलं होतं तेच केलं. ताईला फोन लावला.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. एका बँकेच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काढून, रोज संध्याकाळी बँकेच्या सगळ्या माहितीची दुसरी प्रत करून ती कुलपात ठेवणं हे काम करून ती निवृत्त झाली होती. दूरच्या शहरात राहायची, पण भावाला तिचा धाक शेजारच्या खोलीत असल्यासारखा होता.

‘ताई, संगणक गेला.’

‘बॅकअप?’ ताईने विचारलं. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

‘नाही गं...’

‘नाही कसा? चार वर्षांपूर्वी मी आले होते, तेव्हा तुझ्या उरावर बसून घ्यायला लावला होता. काळ्या डिस्कवर. आठव.’

शांततारावांना आठवलं, आणि ते खुर्चीतून असे उठले की हवालदारांनी सवयीने सलाम ठोकला. काळी डिस्क! पण होती कुठे? ड्रॉवर उपसले, कपाटं उपसली, टेबलाखाली वाकले तेव्हा कंबरेतही काहीतरी ‘टक्’ झालं. शेवटी त्यांनी शिपाईमामाला विचारलं. मामा वाचनालयात त्यांच्याहून दोन वर्षं जुना होता आणि विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, हे त्याचं ब्रीद होतं.

‘काळी? पुस्तकाएवढी? ती दुर्मिळ विभागात आहे, साहेब.’

दुर्मिळ विभागाच्या कपाटात, दोन जाडजूड ग्रंथांच्या मधोमध, खाकी कव्हर घातलेली डिस्क उभी होती. तिच्यावर वाचनालयाचा शिक्का होता. पाठीवर चिठ्ठी होती: ‘दाखल क्रमांक १४२०८. लेखक: अज्ञात. विषय: किरकोळ. पानं: नाहीत.’

‘तुम्हीच म्हणाला होतात,’ मामा म्हणाला, ‘दारातून आत येईल त्या प्रत्येक गोष्टीला नंबर पडला पाहिजे.’

चार वर्षांत ती कोणीही वाचायला नेली नव्हती. या बाबतीत इतर दुर्मिळ ग्रंथांपेक्षा तिची अवस्था काही वेगळी नव्हती. पण या क्षणी शांततारावांना मामाला मिठी मारावीशी वाटली. हुद्द्यातलं अंतर लक्षात घेऊन त्यांनी त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

आता अडचण पुढची. वाचनालयात दुसरा, कोरा करकरीत संगणक होता. मुख्य कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी पाठवला होता आणि तो प्लॅस्टिकच्या कव्हरखाली सुखाने नांदत होता, कारण शांततारावांचा यादीचा प्रोग्राम इतका जुना की नव्या संगणकाने त्याला ओळखच दिली नाही.

‘त्याने ओळख द्यायची गरजच नाही,’ ताई फोनवर म्हणाली. ‘तुझ्या बॅकअपमध्ये नुसती यादी नाहीये, अख्खा संगणक आहे, जसाच्या तसा. नव्या संगणकात एक आभासी यंत्र बनवायचं आणि बॅकअप त्यात उतरवायचा. मग तुझा जुना संगणक नव्याच्या पोटात उठून बसेल.’

‘पोटात?’

‘पोटात. पडद्यावर एक खिडकी उघडेल आणि त्या खिडकीत तो जुना.’

‘त्याला कळेल का, आपण पोटात आहोत ते?’

‘अजिबात नाही. त्याला वाटेल आपण टेबलावरच आहोत.’

शांततारावांच्या अंगावर काटा आला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी रोमांचक गोष्ट त्यांनी ऐकली नव्हती. तीनशे रहस्यकथा कपाटात होत्या तरीही. घरी जाऊन जेवताना त्यांनी ती बायकोला तीनदा समजावली, दोनदा वाटीत वाटी ठेवून. बायको एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची, तिला खुलाशांची सवय होती.

‘म्हणजे सासूबाई आपल्याकडे राहायला आल्या तसंच ना?’ ती म्हणाली. ‘घर आपलं, पण आत सगळं त्यांच्या पद्धतीने. आणि त्यांना वाटायचं, त्या स्वतःच्याच घरी आहेत.’

शांततारावांना ही उपमा खटकली, पण खोडता आली नाही.

मंगळवारी ते मुख्य कार्यालयात गेले. नव्या संगणकात काहीही नवं घालायचं तर पासवर्ड लागत होता आणि तो भांडारपालांच्या ताब्यात असायचा. शांततारावांनी शुद्ध भाषेत अर्ज लिहिला होता आणि तिथेच घात झाला. अर्जात ‘आभासी यंत्र’ असे शब्द होते.

‘यंत्र,’ भांडारपालांनी बोट ठेवलं. ‘यंत्र म्हटलं की जडसंग्रहात, म्हणजे टेबल-खुर्च्यांच्या वहीत, नोंद आली. उंची?’

‘उंची नाहीये, साहेब.’

‘वजन?’

‘वजनही नाही.’

‘रंग?’

‘तसा दिसत नाही.’

भांडारपालांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘उंची नाही, वजन नाही, रंग नाही. मग आहे तरी काय?’

या प्रश्नावर शांततारावांच्या वाचनालयात तत्त्वज्ञानाचे दोन खण भरून पुस्तकं होती, पण ती न वाचल्याचा आज पहिल्यांदा पस्तावा झाला. ‘साहेब, तो संगणकाच्या आतला संगणक आहे. वेगळी नोंद कशाला?’

‘कपाटात कपाट ठेवलं तरी दोघांवर नंबर पडतो,’ भांडारपाल म्हणाले. यावर जगातल्या कुठल्याही वकिलाकडे उत्तर नाही.

तीन तास, दोन टेबलं आणि एका जेवणाच्या सुट्टीनंतर नोंद झाली: ‘संगणक, आभासी, नग एक. ठेवण्याची जागा: संगणक क्रमांक दोनच्या आत. स्थिती: चालू होण्याची आशा आहे. क्रमांक ४३१.’ खाली तांबड्या शाईत शेरा होता: ‘क्रमांक यंत्रावर पांढऱ्या रंगाने ठळक रंगवावा.’ मग कुठे पासवर्डचा लिफाफा हातात पडला.

बुधवारी सकाळी लिफाफा फोडला तर आत कार्बनची तिसरी प्रत. म्हणजे कागदावर सहा अक्षरं होती, त्यातली चार वाचता येत होती आणि दोन ठिकाणी निळे ढग होते. तीनदा चुकलं तर संगणक स्वतःला कुलूप लावून घेणार होता. शांततारावांनी अंदाजाने एकदा टाकलं. चुकलं. हवालदारांनी आपल्या अनुभवावरून दुसरं सुचवलं. चुकलं.

‘हात काढा,’ कोडेवाल्या बाई खुर्ची ओढून म्हणाल्या. ‘पहिलं एस. दुसरं टी. तिसरा ढग. चौथं आर. पाचवा ढग. शेवटी आकडा, एक. हा शब्द ठेवला कोणी?’

‘भांडारपालांनी.’

‘भांडारपालाच्या डोक्यात काय असणार? भांडार! एस, टी, ओ, आर, ई. स्टोअर. आणि एकच्या पुढे मोजायचे कष्ट त्याने घेतलेले दिसत नाहीत.’

संगणक उघडला. शांततारावांनी अकरा वर्षांचं भांडण त्या क्षणी मागे घेतलं आणि स्वतःच्या खिशातलं शाईचं पेन बाईंना काढून दिलं.

मग खरं काम सुरू झालं. फोन स्पीकरवर. ताई सांगायची, शांतताराव करायचे, हवालदार ते मोठ्याने साऱ्या दालनाला सांगायचे. आभासी यंत्र तयार झालं. त्याला स्मरणशक्ती किती द्यायची, ताईने सांगितलं. ‘थोडी जास्त देऊ का?’ शांततारावांनी विचारलं. ‘म्हातारा आहे तो.’ ‘नाही,’ ताई म्हणाली, ‘नव्यालाही काहीतरी उरू दे.’ मग काळी डिस्क जोडली, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी उगवली. एक टक्का.

पट्टी सरकायला लागली तसं दालनातलं वाचन थांबलं. एकोणीसच्या एकोणीस वाचकांनी खुर्च्या वळवल्या. अकरा टक्के. सतरा टक्के. तेवढ्यात डिस्कची वायर सैल असल्याचं लक्षात आलं. टेबलाला धक्का लागला की पट्टी थबकायची आणि एकोणीस जणांचा श्वासही. शेवटी मामा टेबलाखाली मांडी घालून बसला आणि त्याने वायर दोन बोटांत धरून ठेवली. दालनात चालायला बंदी झाली. ज्यांना घरी जायचं होतं तेही जाईनात.

‘पन्नास!’ हवालदार ओरडले. टाळ्या झाल्या.

‘हळू!’ शांतताराव म्हणाले, पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या.

त्र्याऐंशीवर मामाला शिंक आली. म्हणजे अजून आली नव्हती, येण्याच्या बेतात होती. मामाचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, नाक फुललं. एकोणीस माणसं त्या नाकाकडे बघत राहिली. ‘मामा, नाही हं,’ शांततारावांनी विनवलं. मामाने मान हलवली, पण शिंक काही कोणाच्या आज्ञेत नसते. तेव्हा कोडेवाल्या बाई टेबलाखाली शिरल्या आणि त्यांनी दोन बोटांनी मामाचं नाक गच्च दाबलं. ते थेट पट्टी पूर्ण भरेपर्यंत सोडलं नाही. शंभर टक्के झाले आणि मामा असा शिंकला की वर्तमानपत्रं उडाली.

शांततारावांनी ‘सुरू करा’वर टिचकी मारली. खिडकी उघडली. काळी. त्यात पांढऱ्या अक्षरात लिहून आलं की सुरू करण्यासारखं काही सापडत नाही.

दालनात सुतक पडलं.

‘घाबरू नकोस,’ फोनमधून ताई म्हणाली. ‘त्याला उठवायच्या दोन पद्धती असतात, नवी आणि जुनी. तू नव्या पद्धतीने हाक मारतोयस, तो जुना आहे. सेटिंगमध्ये जा, जुनी पद्धत निवड. निवडलीस? आता सुरू कर. आणि हे बघ, महत्त्वाचं आहे, सुरू करायच्या आधी त्याचं नेटवर्क...’

तिचं पुढचं वाक्य कोणालाही ऐकू आलं नाही. शांततारावांच्या बोटाने टिचकी मारून टाकली होती, आणि खिडकीत निळा रंग उमलला होता. मग ओळखीचं पिवळं फूल आलं, ओळखीची ‘टिंग’ आली, आणि यादीचा प्रोग्राम स्वतःहून उघडला. पहिल्याच ओळीत दाखल क्रमांक एक, पान सदतीस फाटलेलं. सगळं होतं! अगदी फाटलेलं पान सुद्धा होतं! हवालदारांनी शिट्टी फुंकली, निवृत्तीनंतरही ती त्यांच्या खिशात असे. मामाने टेबलाखालून उठताना डोकं आपटलं आणि तरी हसला. शांतताराव तर चक्क ओरडले. काय ओरडले ते त्यांना नंतर आठवेना, पण रस्त्यावरच्या चांभाराने आत डोकावून विचारलं, ‘आग लागली का?’

तेव्हा चार वाजायला दोन मिनिटं होती.

इथे एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. चार वर्षांपूर्वी शांततारावांनी प्रोग्राममध्ये एक सोय करून घेतली होती. दर बुधवारी चार वाजता, पुस्तक परत न केलेल्या सदस्यांच्या मोबाइलवर आपोआप स्मरणपत्र जायचं. त्याचा मजकूर शांततारावांचा स्वतःचा होता. ‘आपण अमुक पुस्तक इतके दिवस दडवून ठेवले आहे. ज्ञान अडवणारा मनुष्य पाणी अडवणाऱ्याहून वाईट. त्वरित परत करावे, अन्यथा नाव दारावर लावण्यात येईल.’ ‘दडवून’ या शब्दावर तर त्यांनी एक रविवार घालवला होता. पुढे वाचनालयाच्या समितीच्या अध्यक्षांनाच ते पत्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी सोय बंद पडली. पण बॅकअप त्याच्या आधीचा होता. पोटातल्या संगणकाच्या लेखी सोय चालूच होती, बुधवार होता आणि चार वाजले होते. त्याने नव्या संगणकाच्या इंटरनेटवर हात टाकला, आजची तारीख वाचली, चार वर्षांचे दिवस मोजले आणि इमानेइतबारे कामाला लागला.

पडद्याच्या कोपऱ्यात ओळ आली: ‘पाठवलेली स्मरणपत्रे: १२.’ मग ६०. मग १९८.

‘ताई, हे काहीतरी पाठवतंय!’

‘नेटवर्क तोड! तेच सांगत होते! उठलेल्या मशीनला मधली चार वर्षं माहीत नसतात. जिथे झोपतं तिथूनच ते पुढे सुरू होतं!’

शांततारावांनी वायर उपटली. ती पंख्याची निघाली. दुसरी उपटली तेव्हा आकडा ३४७ वर थांबला होता, कारण पुस्तक नावावर असलेले तेवढेच सदस्य होते.

पहिला फोन अध्यक्षांचा आला. ‘मी पुस्तक दडवलंय? पंधराशे सव्वीस दिवस? मी? माझं नाव दारावर लावणार तुम्ही?’ पडद्यावर अध्यक्षांच्या नावापुढे पुस्तक होतं ‘कमी बोलण्याचे फायदे’. शांततारावांनी ते मोठ्याने वाचलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. फोन कानापासून वीतभर दूर धरून त्यांनी चौदा मिनिटं ‘हो साहेब’ म्हटलं. बाकीचे फोन हवालदारांनी घेतले आणि सगळ्यांना एकच सांगितलं, ‘उद्या सकाळी समक्ष हजर राहा.’ त्यांचा हेतू चांगला होता.

संध्याकाळी घरी पोचले तर बायको दारातच मोबाइल घेऊन उभी.

‘अहो, मी पाणी अडवणाऱ्याहून वाईट आहे का?’

‘तुलाही गेलं?’

‘पंधराशे बारा दिवस म्हणे. पुस्तक मी तुमच्याच हातात दिलं होतं. तुमच्याच उशाशी आहे ते, जाऊन बघा.’

होतं. ते पुस्तक शांततारावांनी पिशवीत घातलं, आणि मधल्या वर्षांतली चारशे चार पुस्तकं दाखल-नोंदवहीतून यादीत चढवायची म्हणून दोघं पुन्हा वाचनालयात गेले. ती वाचत गेली, ते दोन बोटांनी टाइप करत गेले. रात्री दोन वाजता यादी पूर्ण झाली. ‘उद्या काय होईल ते होवो,’ ती म्हणाली, ‘पण आज तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा इतके खूश दिसलात.’ हे ऐकून शांतताराव खूश झाले, मग विचारात पडले.

गुरुवारी साडेनऊला ते वाचनालयाच्या गल्लीत वळले आणि थबकले. दारापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत रांग होती. काही जण हात कमरेवर ठेवून उभे होते. ते पुस्तक परत करून बसलेले, म्हणून चिडलेले. बाकीचे पिशवी छातीशी धरून खाली बघत होते. ते न केलेले. एरवी माणसांत असा स्वच्छ फरक पाहायला मिळत नाही.

‘सगळे रांगेत!’ हवालदार दारात उभे राहून गर्जत होते. पंधरा वर्षांनी त्यांना गर्दी मिळाली होती.

पहिल्या चिडलेल्याला शांततारावांनी हात जोडले. दुसऱ्यालाही. सातव्यापर्यंत त्यांचा स्वाभिमान दुखला, आठव्यानंतर बधिर झाला. मामाचा संगणकावर कधीच विश्वास नव्हता. पुस्तकांच्या देवघेवीची स्वतःची वही त्याने गुपचूप ठेवली होती. तो वहीत बघून ‘बरोबर, यांनी दिलंय’ असं जाहीर करायचा, की चिडलेला माणूस एकदम निवळायचा आणि आलोच आहोत तर म्हणून कपाटांकडे वळायचा. न केलेले मात्र मजेशीर होते. कोणी म्हणे पुस्तक लहान मुलाने लपवलं, कोणी म्हणे घर बदललं. एकाने सरळ सांगितलं, ‘आवडलं हो फार.’ अध्यक्ष आले नाहीत. त्यांच्या पत्नी आल्या आणि ‘कमी बोलण्याचे फायदे’ टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘पलंगाच्या डुगडुगत्या पायाखाली होतं. उपयोग मात्र झाला.’

मध्येच एक वयस्क बाई पुढे आल्या. त्यांनी एक जाड कादंबरी ठेवली. ‘हे आमच्या यांच्या नावावर होतं. हे जाऊन तीन वर्षं झाली. मोबाइल मी वापरते.’

शांतताराव उठून उभे राहिले. ‘बाई, मला माफ करा. असा संदेश... मी...’

‘नाही हो. दोनशे बाराव्या पानावर त्यांची खूण होती. पुढे काय होतं ते त्यांना कळलंच नाही, म्हणून काल तुमचा संदेश आल्यावर मी बसून वाचून काढलं.’ त्यांनी कादंबरीच्या कव्हरवरून हात फिरवला. ‘शेवट बरा आहे. यांना आवडला असता. दुसरा भाग आहे का?’

मामा न विचारता उठला आणि दुसरा भाग घेऊन आला.

याच सुमारास रांगेत मधोमध उभ्या असलेल्या एक बाई घड्याळाकडे बघत होत्या. त्यांनी दोनदा पुढे यायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा हवालदारांनी ‘बाई, सगळ्यांनाच घाई आहे’ म्हणून मागे पाठवलं होतं. पाऊण तासाने त्या टेबलापाशी पोचल्या.

‘पुस्तकाचं नाव?’ शांततारावांनी मान वर न करता विचारलं.

‘तपासणी,’ बाई म्हणाल्या.

‘रहस्यकथा विभागात बघ रे,’ शांतताराव मामाला म्हणाले, आणि मग त्यांना बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं.

पुढची दहा मिनिटं त्यांना नंतर नीट आठवत नसत. बाईंनी यादी दाखवायला सांगितली. पोटातल्या संगणकाने ती दाखवली. त्यांनी तीन पुस्तकांची नावं दिली, तिन्ही पुस्तकं कपाट, खण, फाटक्या पानासह सापडली. ‘पण हे यंत्र नोंदीत आहे का?’ त्यांनी विचारलं. शांतताराव चाचरले. मामाने पुढे होऊन पडद्याच्या काचेकडे बोट दाखवलं. खिडकीच्या बरोबर वरच्या कोपऱ्यात, काचेवर, त्याने आदल्या दिवशी पांढऱ्या रंगाने ठळक रंगवलं होतं: ४३१. बाईंनी कागदाशी ताडून पाहिलं आणि बरोबरची खूण केली.

‘वाचकसंख्या?’ त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. हवालदारांनी दारात मोजून ठेवली होती: दोनशे अडुसष्ट. ‘रोज अशीच असते?’

हवालदार ‘हो’ म्हणायला तोंड उघडणार तोच शांतताराव बोलून गेले. ‘नाही. रोज एकोणीस. आज चुकून झालं.’ आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. डिस्क, शिंक, नेटवर्क, ‘दडवून’. सांगताना त्यांना गोदामाच्या रॅका दिसत होत्या, पण जीभ थांबेना. एवढी रंगतदार गोष्ट अर्धवट सोडणं हे त्यांच्या पेशात बसत नव्हतं.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आतापर्यंत किती परत आली?’

‘एकशे तीस.’

‘आणि नवीन किती गेली?’

मामाने वही पाहिली. ‘एकशे त्रेसष्ट.’

‘म्हणजे आलेल्यांपेक्षा गेली जास्त,’ बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. लिहिताना थांबल्या. ‘मी यंदा एकवीस वाचनालयं तपासली. कुठे मला रांगेत उभं राहावं लागलं नाही. सहा महिने देते. पुन्हा येईन. तेव्हाही उभं करा.’

त्या गेल्या आणि दालनात असा गलका उडाला की चांभार पुन्हा डोकावला. हवालदारांनी शिट्टी फुंकली. शांततारावांनी ताईला फोन लावला, पण आवाजात तिला काही ऐकू येईना. ती फक्त ‘काय? काय?’ करत राहिली आणि हे फक्त ‘हो! हो!’ करत राहिले.

पाच वाजता गर्दी ओसरली. शांतताराव कपाळ पुसत होते तेवढ्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही.

‘मला मेसेज आला नाही,’ ते म्हणाले.

‘मग चांगलंच आहे की.’

‘चांगलं कसलं? आमच्या जिन्यात पाचही घरांना आला. काल संध्याकाळपासून सगळे एकमेकांच्या घरी जाऊन पुस्तकं शोधतायत. मला कोणी विचारलंच नाही. मी तासभर मोबाइल हातात धरून बसलो.’

शांततारावांनी यादीत पाहिलं. ‘तुम्ही सदस्यच नाही, साहेब. तुम्ही कधी पुस्तक नेलेलंच नाही.’

‘मग द्या की एखादं.’

अर्ज भरून झाला. मामाने कपाटातून एक पुस्तक काढून दिलं. गृहस्थांनी ते उलटं सुलटं करून पाहिलं.

‘पंधरा दिवसांत परत आणा,’ शांतताराव सवयीने म्हणाले.

‘नाही आणलं तर मेसेज येईल ना?’

शांततारावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या पांढऱ्या आकड्याखाली मंद उजळलेल्या खिडकीकडे.

‘येईल,’ ते म्हणाले. ‘मी स्वतः पाठवीन.’

‘मग ठीक आहे,’ गृहस्थ म्हणाले, आणि पुस्तक काखेत मारून पायऱ्या उतरले.